बीज कधीचं आणि कुणाचं? शेततळ्यात पहिल्यांदा मासे सोडणाऱ्यांसाठी

शेततळ्यात मासे सोडायचं ठरलं की पहिला फोन जातो तो भाव विचारायला. हजारी काय दर, गाडीभाडं त्यातच की वेगळं, मरतुकीपोटी वर किती देणार. हे विचारायलाच हवं. पण द्राक्षबाग लावताना खुंट डॉगरिजचाच आहे ना, काडी कोणाच्या बागेतली, हे चार जणांना खोदून विचारणारा माणूस माशाचं बीज मात्र पिशवीत जे दिसेल ते घेऊन येतो. मग एप्रिलमध्ये जाळं ओढल्यावर अर्धे मासे पावशेराचे निघतात आणि सगळा दोष खाद्यावर जातो.

खाद्याचा दोष असतोही. तरी बराचसा निकाल बीज तळ्यात पडण्याआधीच लागलेला असतो. अंडी कधी पडली आणि ती घालणारी मादी कशी होती, या दोन गोष्टींवर तो लागतो. कटला, रोहू, मृगळ किंवा सायप्रिनस (कॉमन कार्प) पहिल्यांदाच सोडणाऱ्याने या दोन गोष्टी कशा तपासायच्या आणि त्यानुसार काय करायचं, ते खाली क्रमाने सांगतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: नाशिक जिल्ह्यात तारीख पहिली, मादी दुसरी. आपल्याकडची थंडी तसा क्रम लावते.

पायरी पहिली: मापं पाठ करा

अंड्यातून बाहेर पडून पोटाखालची पिवळी पिशवी संपवलेलं पिल्लू म्हणजे मत्स्यजिरे. तीनेक दिवसांचं, ६ ते ८ मिमी लांब. नर्सरी तळ्यात दोन-तीन आठवडे वाढून ते २०–२५ मिमी झालं की मत्स्यबीज. ५० मिमीच्या आसपास अर्धबोटुकली. ८० ते १०० मिमी म्हणजे बोटुकली, आणि तिथवर पोचायला जिऱ्यापासून साधारण तीन महिने लागतात. विकणारे या सगळ्यालाच सरसकट बीज म्हणतात. त्यामुळे फोनवर नाव विचारू नका, मिमी विचारा.

पायरी दुसरी: अंड्यांची तारीख समजून घ्या

कटला, रोहू आणि मृगळ हे वाहत्या पाण्यात अंडी घालणारे मासे. पावसाळ्यात नदीला पूर येऊन काठची सपाट जमीन पाण्याखाली गेली की तिथल्या उथळ पाण्यात त्यांचं प्रजनन होतं. साठलेल्या तळ्यात मादीच्या पोटात अंडी तयार होतात, पण ती बाहेर पडत नाहीत. हा अडथळा मोडला तो १० जुलै १९५७ रोजी. ओडिशातल्या अंगुळ इथे डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं बंदिस्त पाण्यात प्रजनन घडवलं. म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. आज हॅचरीत, म्हणजे बीज तयार करणाऱ्या केंद्रात, ओव्हाप्रिमसारखं तयार संप्रेरक टोचतात आणि गोल टाकीत पाणी फिरतं ठेवतात. मात्र एक लक्षात घ्या: इंजेक्शनाने पिकलेली अंडी सुटतात, कच्ची अंडी पिकत नाहीत. मादी तयार व्हायला उन्हाळ्याची ऊब, चांगलं खाद्य आणि पावसाचं नवं पाणी हे सगळं लागतंच.

फलित अंडी २६ ते ३१ अंश सेल्सिअस पाण्यात १४ ते २० तासांत फुटतात. म्हणजे इंजेक्शनाची तारीख कळली की पिल्लाचं वय कळलं. दिवसाचाही घोळ होत नाही.

आता ही तारीख आपल्या नक्षत्रांवर ठेवून बघू. मृगात माद्या भरत आलेल्या असतात. आर्द्रात हॅचरीवाले पहिले लॉट काढतात. पुनर्वसू आणि पुष्य, म्हणजे साधारण ५ जुलै ते २ ऑगस्ट, हा भर हंगाम. (मत्स्यशेतकरी दिनाची तारीख नेमकी यातच पडते.) आश्लेषा-मघातही काम चालू असतं. पूर्वा लागल्यावर जे निघतं त्याला मी उशिराचं बीज म्हणतो.

उशिराचं का वाईट, याचा हिशोब सोपा आहे. १५ जुलैला फुटलेलं पिल्लू ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात २५ मिमीचं होतं, सप्टेंबरच्या सुरुवातीला अर्धबोटुकली आणि ऑक्टोबरच्या मध्याला बोटुकली. ऑक्टोबरची ऊब त्याला पुरेपूर मिळते. ५ सप्टेंबरला फुटलेलं पिल्लू बोटुकली व्हायला डिसेंबर उजाडतो, आणि डिसेंबरात निफाड-ओझर पट्ट्यात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. राज्यातल्या किमान तापमानांच्या यादीत निफाड नेहमीच वरच्या नंबरात असतं. तळ्यातलं पाणी हवेइतकं गार होत नाही. तरी ते २० अंशांच्या खाली राहू लागलं की कार्प जातीचे मासे खाणं कमी करतात आणि वाढ जवळपास थांबते. जुलैच्या पिल्लाला थंडीआधी पावणेचार-चार महिने वाढीचे मिळाले, सप्टेंबरच्या पिल्लाला दोन-सव्वादोन. फरक फक्त पन्नास दिवसांचा दिसतो. पण लहान वयातले पन्नास उबदार दिवस आणि पाच महिन्यांनंतरचे पन्नास दिवस सारखे नसतात. लहान राहिलेलं पिल्लू बेडकाच्या, पाणकिड्याच्या, पाणकावळ्याच्या तोंडात मावत राहतं. मोठ्या भावंडांबरोबर सोडलं तर खाद्यही त्याला शेवटी मिळतं, म्हणून ते लहानच राहतं.

मग सगळ्यात आधीचं बीज सगळ्यात चांगलं का? तसंही नाही. आर्द्राच्या पहिल्या लॉटमध्ये काही माद्या पुरत्या पिकलेल्या नसतात. अंडी कमी सुटतात आणि फलनही कमी होतं. त्यातून पावसाने ओढ घेतली तर नर्सरीचं पाणी तापतं. हंगामाच्या शेवटी उलटं होतं. अंडी जास्त पिकून मादीच्या अंगातच जिरायला लागतात, किंवा जुलैमध्ये एकदा वापरलेलीच मादी दुसऱ्यांदा घेतलेली असते. चांगलं खाद्य दिलं तर एका हंगामात दोनदा प्रजनन होऊ शकतं, त्यात गैर काही नाही. पण दुसऱ्या वेळच्या अंड्यांकडून मी पहिल्याइतकी अपेक्षा ठेवत नाही. मला निवड दिली तर पुनर्वसूच्या दुसऱ्या आठवड्यापासून पुष्य संपेपर्यंतचा लॉट घेईन.

पायरी तिसरी: तळ्याची तारीख उलटी मोजा

आपल्याकडची खरी अडचण इथे आहे. जुलैमध्ये बीज उत्तम, पण तळं रिकामं. विहिरींना पाणी चढतं ऑगस्टात, मग मोटर लावून शेततळं भरायचं, ते भरेस्तोवर सप्टेंबर. तेव्हा मासे सोडायची घाई होते आणि बाजारात जे उरलंय ते घेतलं जातं. उरलेलं म्हणजे बहुतेक वेळा उशिराचं. दुसऱ्या टोकाला गोडी छाटणीनंतर (द्राक्षाची ऑक्टोबरच्या सुमाराची छाटणी) बागेला पाणी सुरू होतं, फेब्रुवारीपासून तळं उतरू लागतं आणि एप्रिल-मेमध्ये मासे काढावेच लागतात. सप्टेंबर ते एप्रिल हे आठ महिने, त्यातले दोन थंडीचे. उरले सहा.

या सहा महिन्यांत २५ मिमीचं बीज बाजारात चालेल अशा वजनाला नेणं फार अवघड आहे. कोणी तसं सांगितलं तर त्याला तळं कितव्या महिन्यात आटतं ते विचारा. नाशिकच्या शेततळ्यासाठी माझ्या मते दोनच मार्ग धड आहेत.

पहिला मार्ग: जुलैच्या लॉटचं मत्स्यबीज ऑगस्टमध्ये आणायचं आणि तळं भरेपर्यंत ते एखाद्या लहान खड्ड्यात, सिमेंटच्या हौदात किंवा आधीच पाणी असलेल्या तळ्यात हापा लावून वाढवायचं. हापा म्हणजे बारीक जाळीचा, मच्छरदाणीसारखा शिवलेला चौकोनी पिंजरा. सप्टेंबरात मोठ्या तळ्यात सोडताना ते अर्धबोटुकलीच्या पुढे गेलेलं असेल.

दुसरा मार्ग: मागच्या वर्षीचं, गर्दीत ठेवून वाढ रोखलेलं बीज घ्यायचं. विकणारे त्याला इयरलिंग किंवा स्टंटेड म्हणतात. वर्षभराचा मासा ५०–१०० ग्रॅमचा. मोकळं पाणी आणि पोटभर खाद्य मिळालं की तो राहिलेली वाढ झपाट्याने भरून काढतो, आणि त्याने एक हिवाळा आधीच पाहिलेला असतो. दर जास्त पडतो, वाहतूक जड पडते. तरीही एप्रिलमध्ये तळं रिकामं होणार असेल तर मी हाच मार्ग सुचवतो. उन्हाळाभर पाणी टिकणारं तळं असेल तर पहिला पुरे.

एक फरक मात्र ओळखता आला पाहिजे. रोखलेला पण धडधाकट मासा वेगळा, आणि उपासमारीने खुरटलेला वेगळा. दुसऱ्याचं डोकं अंगाच्या मानाने मोठं दिसतं, पाठ धारदार, पोट आत गेलेलं. असा मासा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

पायरी चौथी: मादीची चौकशी

आता दुसरा प्रश्न. मादी मोठी असण्याचा फायदा दोन प्रकारे होतो.

एक तर संख्या. रोहूची मादी किलोमागे साधारण दोन ते तीन लाख अंडी देते, म्हणजे तीन किलोच्या मादीकडून सहा ते नऊ लाख. हा फायदा हॅचरीवाल्याचा, तुमचा नाही.

तुमचा फायदा अंड्याच्या आकारात आहे. बहुतेक माशांमध्ये पहिल्यांदाच अंडी घालणाऱ्या लहान मादीची अंडी बारीक आणि एकमेकांपेक्षा कमीजास्त असतात. भरीव, दोन-तीन हंगाम पाहिलेल्या मादीची अंडी मोठी आणि एकसारखी असतात. मोठ्या अंड्यात बलक जास्त. बलक जास्त म्हणजे पिल्लू थोडं लांब, तोंड थोडं रुंद आणि शिदोरी एखादा दिवस जास्त टिकणारी. पिवळी पिशवी संपून पिल्लाने पहिल्यांदा बाहेरचं अन्न तोंडात घेण्याचा जो काळ असतो, त्यात सर्वाधिक मरतूक होते. पाण्यात त्या दिवशी रोटिफरसारखे अतिबारीक जीव पुरेसे नसतील तर बारीक अंड्यातलं पिल्लू आधी जातं. मोठ्या अंड्यातलं आणखी थोडा वेळ तग धरतं.

पण हे किती काळ टिकतं? फार नाही. पहिले दोन-तीन आठवडे मादीचा प्रभाव ठळक दिसतो. पुढे खाद्य, गर्दी आणि तापमान यांचा जोर इतका असतो की मिमीमधला तो फरक पुसट होत जातो. म्हणून जिरे विकत घेणाऱ्याने मादीबद्दल जास्त विचारावं, बोटुकली घेणाऱ्याने कमी. बोटुकलीपर्यंत पोचलेल्या पिल्लाने ती परीक्षा आधीच दिलेली असते.

आणि मोठी म्हणजे किती मोठी? रोहू, मृगळ साधारण दोन वर्षांत आणि कटला तीन वर्षांत प्रजननाला तयार होते. दोन ते पाच किलोच्या, वयात आलेल्या पण म्हाताऱ्या न झालेल्या माद्या हॅचरीत चांगलं काम देतात. त्याहून फार थोराड मादीच्या पोटात चरबी साठते, किलोमागे अंडी कमी होतात आणि कधी इंजेक्शनालाही ती दाद देत नाही. तेव्हा दहा-बारा किलोची कटला हौदात फिरवून दाखवली म्हणून भारावून जाऊ नका. ती पाहुण्यांना दाखवायला असते.

नराचं काय? अंड्याच्या आकारात त्याचा वाटा नसतो, वंशात मात्र अर्धा असतो. आणि वंशाचा मुद्दा आला की आकाराबद्दल सावध बोलावं लागतं. मासा मोठा आहे म्हणजे त्याच्या रक्तात वेगाने वाढणं आहे, असं नाही. तो फक्त वयाने मोठा असू शकतो किंवा मोकळ्या पाण्यात वाढलेला असू शकतो. वाढीचा वेग पुढच्या पिढीत काही अंशीच उतरतो. विचारायचा प्रश्न असा: हा मासा किती वर्षांत एवढा झाला? दोन वर्षांत दोन किलो झालेली मादी मला पाच वर्षांत तीन किलो झालेल्या मादीपेक्षा जास्त आवडेल.

याच्या उलट प्रकार बऱ्याच ठिकाणी चालतो आणि त्यावर कोणी बोलत नाही. तळं काढताना भराभर वाढलेले मासे बाजारात जातात, कारण त्यांनाच भाव असतो. न वाढलेले तळ्यात राहतात, वर्ष-दोन वर्षांनी भरतात आणि तेच पुढच्या बिजाचे आईबाप होतात. हे दोन-चार पिढ्या चाललं की सावकाश वाढणाऱ्यांचाच वंश पुढे जातो. त्यात बाहेरून नवे मासे आणलेच नाहीत तर जवळच्या नात्यात प्रजनन होत राहतं. वाकडा कणा, अर्धवट कल्ला-झाकण, कमी उबवण ही त्याची लक्षणं. म्हणून प्रजननाचे मासे शेवटचे कधी आणि कुठून बदलले, हे विचारा. चांगला हॅचरीवाला या प्रश्नाने खूष होतो. त्याने भुवनेश्वरच्या सीफा या केंद्रीय संस्थेने निवड पद्धतीने वाढवलेला जयंती रोहू ठेवला असेल तर तो स्वतःहून सांगेल.

अजून एक: कटला आणि रोहू एकाच गोल टाकीत एकत्र सोडले की संकर होतो. पिल्लं जगतात, वाढतातही, पण तुम्ही पैसे कटल्याचे दिलेले असतात. जाती वेगवेगळ्या टाकीत काढता का, हे विचारून घ्या.

पायरी पाचवी: बीज घेताना

फोनवर चार प्रश्न पुरेत. इंजेक्शनाची तारीख कोणती? आता किती मिमी? मादी किती वर्षांची, पहिल्यांदाच वापरलेली की आधीची? लॉट एकच की मिसळलेला? उत्तरं गुळमुळीत आली तर पुढचा नंबर लावा. जवळच्या हॅचरीची माहिती मत्स्यव्यवसाय विभागाच्या नाशिकमधल्या कार्यालयात मिळते. तिथे अनुदानाबरोबर हेही विचारा.

प्रत्यक्ष गेल्यावर पांढरं तसराळं किंवा घमेलं सोबत न्या. त्यात थोडं पाणी आणि मूठभर बीज घ्या, हाताने पाणी गोल फिरवा आणि हात काढा. धडधाकट पिल्लं प्रवाहाच्या उलट पोहत कडेला येतात. कमजोर मध्यभागी गोळा होतात. मध्ये बराच पुंजका जमला तर तो लॉट सोडा. मग पट्टी काढून वीस-पंचवीस पिल्लं मोजा. सगळी २५ ते ३० मिमीच्या आत असतील तर एकाच तारखेचं बीज आहे. काही १५, काही ४० निघाली तर दोन-तीन लॉट मिसळलेत, किंवा मागचं उरलेलं यात घातलंय. मिसळलेल्या बिजात लहानांचं नुकसान ठरलेलं. मरळसारख्या मांसाहारी माशात तर मोठी पिल्लं लहानांना सरळ खातात, तिथे एकसारखा आकार ही पहिलीच अट.

जिऱ्याच्या बाबतीत पट्टी चालत नाही. तिथे पिवळी पिशवी संपली आहे का आणि पिल्लं आडवी, सरळ पोहतात का, एवढं बघा. पिशवी शिल्लक असताना केलेली वाहतूक त्यांना सोसत नाही.

पायरी सहावी: जिरे घेणार असाल तर

नवख्याने पहिल्या वर्षी जिरे घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. व्यवस्था चांगली असूनही जिऱ्यापासून बिजापर्यंत निम्मी पिल्लं जगली तर समाधान मानायचं असतं. तरी ज्यांच्याकडे मातीचा लहान खड्डा आहे आणि हौस आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात.

इथे तारखेचा खेळ दिवसांवर येतो. खड्ड्यात पाणी घेतल्यावर आणि खत पडल्यावर आधी रोटिफरसारखे बारीक जीव वाढतात, मग मोठे पाणपिसू आणि त्यांच्यामागे पाणकिडे. जिरे यातल्या पहिल्या टप्प्यावर पडले पाहिजेत. हॅचरीवाला म्हणाला चार दिवस उशीर होईल, तर तुमच्या खड्ड्यात तोवर शिकारी तयार झालेले असतात. म्हणून इंजेक्शन दिल्याचा फोन आल्यावरच खताचा पहिला हप्ता टाका. इंजेक्शनापासून जिरे हाती यायला चार-पाच दिवस लागतात, तेवढे पुरतात. खत गुंठ्याला भुईमूग पेंड ७.५ किलो, शेण २ किलो, सिंगल सुपर फॉस्फेट अर्धा किलो. पेंड भिजवून, सगळं कालवून, अर्धं आधी आणि उरलेलं नंतर पाण्याचा रंग बघून. जिरे सोडायच्या आदल्या दिवशी, वारा नसताना, गुंठ्याला साधारण ५६० ग्रॅम खाद्यतेल आणि १८० ग्रॅम साबण गरम पाण्यात फेटून पाण्यावर पसरवा. हवा घ्यायला वर येणारे पाणकिडे त्याने मरतात. गुंठ्याला ३० ते ५० हजार जिरे पुष्कळ झाले. भुईमूग पेंड आणि भाताचा कोंडा समप्रमाणात, लाखाला रोज ६०० ग्रॅम, सहाव्या दिवसापासून दुप्पट.

प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात हे जमत नाही असं नाही, पण मातीचा आधार नसल्याने पाण्याला रंग धरायला वेळ लागतो आणि एकदा धरला की तो अचानक बिघडतोही.

पायरी सातवी: किती आणि कसे सोडायचे

३० बाय ३० मीटरचं शेततळं म्हणजे नऊ गुंठे. हेक्टरी ५ ते १० हजार बोटुकल्यांच्या हिशोबाने ४५० ते ९०० मासे. तळ्याच्या भिंती उतरत्या असतात, पाणी खाली गेलं की क्षेत्र झपाट्याने कमी होतं, म्हणून मार्चमध्ये किती पाणी उरेल त्यावर आकडा ठरवा. नवख्याने ५०० च्या वर जाऊ नये. तीन जातींचं प्रमाण कटला ४०, रोहू ३०, मृगळ ३० असं धरतात. प्लास्टिकच्या तळ्यात तळाशी खाणाऱ्या मृगळाला फारसं काही मिळत नाही, तिथे त्याचा वाटा कमी करून रोहूला द्या.

पिशव्या सकाळी लवकर आणा, १५–२० मिनिटं तळ्यात तरंगत ठेवा, मग तोंड उघडून तळ्याचं पाणी थोडं थोडं आत घ्या. पिल्लं आपणहून बाहेर जाऊ द्या. विहिरीचं पाणी नुकतंच सोडलेलं असेल तर दोन दिवस थांबा, त्यात प्राणवायू कमी असतो.

आणि बागाईतदारांसाठी खास: गोडी छाटणीनंतर फवारण्यांचा जो सपाटा लागतो, त्या वेळी तळ्यातले मासे जितके लहान तितका धोका जास्त. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं माशांना अगदी थोड्या मात्रेतही मारतात. बोर्डो मिश्रणातलं तांबंही त्यांना सोसत नाही. तळ्याच्या बाजूच्या ओळी वारा पडल्यावर फवारा आणि ब्लोअरची टाकी तळ्याच्या काठावर धुऊ नका. उशिराच्या बिजावर माझा राग आहे त्यातलं हेही एक कारण आहे: नेमकं ऑक्टोबरात ते सर्वात नाजूक वयात असतं.

सायप्रिनसची गोष्ट वेगळी

स्वतःचं बीज स्वतः काढून बघायचंच असेल तर सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, हा एकच मासा नवख्याच्या आवाक्यातला. त्याला पूर लागत नाही, बहुतेक वेळा इंजेक्शनही नाही. तो साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, वर्षातून दोनदा: थंडी ओसरताना जानेवारी ते मार्च, आणि पुन्हा पावसाळ्यात. नाशिकमध्ये पाणी जरा उशिराच तापतं, म्हणून फेब्रुवारीचा उत्तरार्ध धरा. दीड-दोन किलोची एक मादी आणि दोघे मिळून तिच्या वजनाइतके भरतील असे दोन नर संध्याकाळी हाप्यात सोडायचे. हाप्यात पाणवनस्पती किंवा सुटे केलेले नायलॉन दोरीचे झुपके ठेवायचे, कारण अंडी चिकट असतात. सकाळी अंडी दिसली की मोठे मासे लगेच काढा, नाहीतर तेच अंडी खातात. दोन-तीन दिवसांत, पाणी गार असेल तर जरा उशिरा, पिल्लं बाहेर येतात.

फेब्रुवारीच्या या पिल्लांना सगळा उन्हाळा मिळतो, जुलैच्या रोहूपेक्षा ती पाच महिने पुढे असतात. मग दोघांना एकत्र सोडलं तर रोहूच्या वाट्याला काय येणार, ते उघड आहे. सायप्रिनस वेगळा वाढवा किंवा त्याच आकाराच्या इयरलिंग रोहूबरोबर सोडा.

आईबापांच्या आकाराचा मुद्दा इथे उलटून अंगावर येतो. सायप्रिनस काहीशे ग्रॅमचा असतानाच, वर्षाच्या आत प्रजननक्षम होतो. तळ्यात काठाला गवत लोंबत असेल तर बाजाराच्या वजनाआधीच त्या लहान माद्या अंडी घालतात. तळं पिल्लांनी भरतं आणि खाद्य त्यांच्यात वाटलं जातं. तिलापियाचं दुखणंही हेच, त्याहून जास्त. काठ स्वच्छ ठेवणं हा अर्धा उपाय.

पायरी आठवी: थंडीआधी एकदा जाळं

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात एकदा जाळं ओढा. वीस-तीस मासे मोजा, वजन करा, बिजाच्या तारखेशेजारी वहीत लिहा. सगळ्यात लहान राहिलेले वेगळे काढून हाप्यात किंवा दुसऱ्या तळ्यात टाका. मोठ्यांच्या गर्दीतून सुटले की त्यातले बरेच पुन्हा वाढीला लागतात. ते काम जानेवारीत करू नका, गार पाण्यात हाताळलेल्या माशाची खवलं निघतात, जखमांवर बुरशी धरते. डिसेंबरपासून सकाळी थर्मामीटर बघत जा. पाणी २० अंशांच्या खाली असेल तर सकाळचं खाद्य बंद, दुपारी ऊन चढल्यावर एकदाच आणि निम्मंच द्या. फेब्रुवारीत मासे दुपारच्या खाद्यावर झडप घालू लागले की मात्रा हळूहळू पूर्ववत करा.